आरशातले दोन चेहरे

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसून जग बघते. माझ्यात मोटर नाही, की बॅटरी नाही. काही काचा आणि अंगठ्याने फिरवायची एक कडी, एवढाच माझा संसार. कडी फिरवली की धूसर चित्र स्पष्ट होतं. कुठे थांबायचं, ते मात्र फिरवणाऱ्याने ठरवायचं.

जन्माने मी सातासमुद्रापलीकडची, पण माझं खरं आयुष्य सुरू झालं धाड गावात, उत्तमरावांच्या फोटो स्टुडिओत. बारशाची बाळं, शाळेतली मुलं, पोळ्याला सजवलेले बैल, सगळे माझ्यातून पार झाले. उत्तमराव रोज संध्याकाळी मला मऊ फडक्याने पुसत. लोक त्यांचे फोटो नावाजत आणि मला उगाच वाटे, हे कौतुक माझंच.

मग ऑटोफोकस आला. नव्या लेन्सा सुर्रकन आपल्या आपणच चित्र जुळवू लागल्या. धावतं पोर, उडतं पाखरू त्या क्षणात टिपत. खोटं कशाला बोलू, तशी चपळाई माझ्यात कधीच नव्हती. मी कपाटात गेले. तिथल्या दमट अंधारात माझ्या काचेवर बुरशीचे पांढरे धागे चढले. पुढे पुढे कुणी दार उघडलं, तरी मला उजेडाचा नुसता डाग दिसे.

मला बाहेर काढलं ते उत्तमरावांच्या लेकीने, वंदनाने. स्टुडिओ आता तीच चालवत होती. तिने मला साफ करून आणलं, नव्या कॅमेऱ्यावर बसवण्यासाठी एक जोडकडी घेतली आणि रिकाम्या वेळी माझ्यावर हात बसवला. कामाला मात्र ती ऑटोफोकसच वापरायची. मी पिशवीतून सोबत जायचे.

अशीच मी गावातल्याच झेबाच्या लग्नाला गेले. नवरदेव शाकिर सुलतानपूरचा. झेबाचे वडील वाहेदभाई छपरावरून पडून कंबर मोडल्याने आतल्या खोलीत खाटेवर होते. लग्नात सगळे आनंदात होते, पण त्यांच्या मनाला एक घोर लागला होता. आपण असे पडून आहोत, म्हणून पोरीने आपल्याखातर तर हो म्हटलं नाही ना? झेबा सकाळपासून मान खाली घालून बसली होती आणि विचारलं तर नुसती "नाही अब्बा" म्हणायची.

झेबाच्या आईने, अजीजुन्निसाने, वंदनाला बाजूला घेतलं.

"वंदना, आता जलवा होईल. दोघं आरशात एकमेकाचं तोंड पाहतीन. तेवढ्यातच झेबा मान वर करन. तो फोटो मले पाह्यजे."

"काढतो ना, खाला. काऊन एवढी घाबरून राह्यली?"

"तिचे अब्बा म्हणतात, लोक मले बरं वाटावं म्हून बोलतीन. मले पोरीचं तोंड दाखवा."

निकाह झाला. शाकिरला बायकांत आणून झेबाच्या शेजारी बसवलं. दोघांच्या डोक्यावर टिकल्यांची लाल ओढणी धरली आणि समोर आरसा ठेवला. वंदना दोघांच्या खांद्यांआडून वाकली. ऑटोफोकस घरघरला आणि लटकत्या टिकल्यांवर जाऊन बसला. पुन्हा दाबलं, तर आरशाची चौकट धरली. चौकट लख्ख, आतले चेहरे पुसट. बायकांच्या मोबाइलांनाही टिकल्याच दिसत होत्या. आरसा कुठल्याही घडीला उचलला गेला असता.

वंदनाने ती लेन्स काढली आणि मला बसवलं. तिने कडी फिरवली. टिकल्या विरघळल्या. चौकट आली, तिथे ती थांबली नाही. आरशातला चेहरा आरशाच्या काचेवर नसतो मित्रांनो, तो तिच्या पलीकडे, खोल आत असतो. ती आणखी फिरवत गेली. एक पापणी उमटली. मग नाकातली नथ, मग पूर्ण चेहरा. अंगठा थांबला, श्वास थांबला. त्याच क्षणी शाकिर काहीतरी पुटपुटला आणि झेबा ओठ दाबूनही हसली.

खटक!

वंदना कॅमेरा घेऊन थेट आतल्या खोलीत गेली. वाहेदभाईंनी कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ धरला.

"हे हासू मी वळखतो," ते म्हणाले. "लहानपणी चोरून गूळ खाल्ला का अशीच हासायची." मग बायकोकडे वळले. "माहा नवा कुर्ता आन. असाच पडून राहू का मी पोरीच्या लग्नात?"

चौघांनी त्यांची खाट उचलून मांडवात नेली. झेबाने त्यांना पाहिलं आणि साऱ्या वऱ्हाडासमोर तोंडभरून हसली. तो फोटो ऑटोफोकसने काढला, आणि फार छान काढला.

मित्रांनो, जुनी वस्तू अंधारात कोंडू नका. तिला पुसा, उजेड दाखवा, हाताशी ठेवा. आणि नवी वापरताना एवढंच ध्यानात असू द्या, की यंत्राला जवळचं आणि चकाकतं ते आधी दिसतं. खरं कुठे बघायचं, ते तुमच्या अंगठ्याला ठरवू द्या.

बरं, निघते. अमडापूरला एक लग्न आहे, आणि आज वंदनाने मला पिशवीत नाही, कॅमेऱ्यावरच बसवलं आहे.