जुना तुकडा दाखवा

माझा धाकटा भाऊ मूर्ख असता तर मी त्याला कधीच माफ केलं असतं. तो हुशार आहे, हीच अडचण आहे. हुशार माणूस एका दुपारी चाळीस वर्षांचं वाटोळं करतो आणि वर हात झटकून विचारतो, "कसं दिसतंय?"

आमचं हार्डवेअरचं दुकान बाजाररस्त्यावर आहे. एके काळी या रस्त्यावर अशी पाच दुकानं होती. आता एकात मोबाइलची कव्हरं विकतात, एकात केस कापतात, दोन दुकानांची शटरं गंजली आणि उरलो आम्ही. शहराबाहेर कंपनीचं भलंमोठं स्टोअर झालं. तिथे नळांची एक अख्खी भिंत आहे, पण एक खिळा मागितला तर पन्नासाचं पाकीट घ्यावं लागतं. नळ चुकीचा निघाला तर परत करा म्हणतात. जसं काही माणसाला पाणी बंद करून तासभर रांगेत उभं राहायची हौसच असते.

आमच्याकडे माल परत येत नाही, कारण बाबांचा एक नियम आहे: जुना तुकडा दाखवा. नळाची चकती हवी असेल तर झिजलेली आणा, बिजागरी हवी असेल तर तुटलेली आणा. "साधारण एवढी असेल," असं कोणी बोटांनी दाखवलं की बाबा त्याला सरळ घरी पाठवायचे. अंदाजाने माल देणारा आणि अंदाजाने औषध देणारा त्यांच्या लेखी सारखेच. आलेला जुना तुकडा ते फेकत नसत. त्याला दोरा बांधून चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर गल्ली, घर आणि जागा लिहायची, आणि तो काउंटरमागच्या खणात टाकायचा. असे तीनशे बारा खण. त्यामुळे पुढच्या वेळी त्या घरातून कोणी रिकाम्या हातानेही आलं तरी चालायचं. आम्ही खण उघडून बघायचो.

अठ्ठावीस वर्षं मी त्या खणांसमोर बसतेय. लग्न केलं नाही, ते राहून गेलं, त्याचं दुःख मला फारसं नाही. पण दुकान गेलं तर मी कोण, हे मला सांगता येणार नाही. म्हणून धाकट्याने त्याच कंपनीचा प्रस्ताव आणला तेव्हा आधी मी बोंब ठोकली. कंपनी दुकान चालवायला घेणार, पाटी त्यांची, माल त्यांचा, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू इथून न्यायच्या. बाबांनी आठवडाभर विचार केला आणि एकच अट घातली: खण जसेच्या तसे राहतील आणि त्यांच्यासमोर माझी ही मुलगी बसेल. कंपनीने ती अट कागदावर लिहून दिली. मग मीही गप्प बसले. दुसरा रस्ता दिसत नव्हता.

सही गुरुवारी सकाळी अकराला व्हायची होती. बुधवारी मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. धाकटा आपण होऊन म्हणाला, "ताई, दुकानात मी बसतो." मला बरं वाटलं. काय अक्कल गहाण ठेवली होती मी, देव जाणे.

गुरुवारी नऊला शटर उघडलं तर दुकान लख्ख. फरशी पुसलेली, काउंटरला पॉलिश, खणांच्या पितळी मुठी चमकतायत. तेवढ्यात आमचा जुना प्लंबर आला. सगळे त्याला वायसर म्हणतात, कारण कुठल्याही गळतीवर त्याचं पहिलं उत्तर तेच असतं: वायसर, म्हणजे नळातली चकती, बदला.

"ताई, शाळेमागच्या कोपऱ्यावरच्या घरात मोरीचा नळ गळतोय. म्हातारी एकटीच आहे. चकती काढ बघू."

मी खण उघडला. रिकामा. आत जुना कागद काढून नवा पांढरा कागद घातलेला. शेजारचा उघडला, तोही रिकामा. मग मी वेड्यासारखी उघडतच गेले, खालची ओळ, वरची ओळ, शिडीवर चढून सर्वात वरची. वायसर खालून बघत होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, "चोरी झाली का गं?"

चोरी झाली असती तर बरं होतं. चोराला शिव्या तरी देता येतात. पण खणात नवा कागद घालून जातो तो चोर नव्हे, माझा भाऊ.

भंगारवाला दोन गल्ल्या सोडून आहे. मी चपला न घालता गेले. आमच्या तुकड्यांचं पोतं तिथेच होतं. माझा जीव भांड्यात पडला, पण तो क्षणभरच. मी हात घातला आणि एक बिजागरी काढली, एक आटे गेलेला नळ काढला, एक कडी काढली. चिठ्ठी कशालाच नव्हती.

"तुमच्या भावानेच कापून टाकल्या," भंगारवाला म्हणाला. "मी सांगितलं, लोखंडात कागद-दोरा चालत नाही. बराच वेळ बसला होता बिचारा कात्री घेऊन."

बिचारा. तीनशे बारा दोरे एकेक करून कापले, आणि एकदाही हात थांबला नाही.

पोतं ओढत परतले तेव्हा धाकटा कंपनीच्या साहेबाला घेऊन आला होता. साहेब वयाने लहान, बूट कोरे, हातात टॅब. बाबा आपल्या खुर्चीवर होते, डोळ्यांत कालचं औषध, त्यामुळे अजून सगळं धुरकट दिसत होतं. मी पोतं दाराशी आपटलं. धाकट्याने ते पाहिलं आणि हसून वेळ मारून न्यायला बघितलं.

"ताई, साहेबांसमोर नको. म्हटलं जरा स्वच्छ दिसावं. भंगार तर होतं."

"करारात काय लिहिलंय ते वाचलं होतंस?"

"मला वाटलं, बाबांची समजूत काढायला लिहिलंय."

साहेबाने तोवर दोन-तीन खण उघडले होते. त्याचा चेहरा उतरला. तो धाकट्याला म्हणाला, "अहो, आम्ही या खणांसाठीच आलो होतो. आमच्याकडे छोट्या वस्तूंपैकी निम्म्या परत येतात. घरात काय बसवलंय ते लोकांनाच माहीत नसतं. इथे ते माहीत होतं." मग आवाज मऊ करून पुढे म्हणाला, "तरी जागा चांगली आहे. पार्सलचे लॉकर बसवता येतील. फक्त तुमच्या ताईंचं काम उरणार नाही. तसा नवा कागद मी आत्ताच काढून देतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द पाठ होते, अठ्ठावीस वर्षांचे साठलेले. पण तोंड उघडलं आणि 'भंगार' हा शब्द आठवला. तो त्याला कोणी शिकवला? मी. लहानपणी तो खणांशी खेळायला आला की मीच म्हणायचे, "हात लावू नकोस, बाबांचं भंगार आहे ते." घरात सगळे हसायचो, बाबासुद्धा. तो शब्द त्याने खरा मानला, एवढाच त्याचा गुन्हा. म्हणून राग कमी झाला असं कोणी समजू नये. उलट तो आता त्याच्या-माझ्यात वाटला गेला, आणि दोघांना पुरून उरला.

बाबा उठले. कोणी काही सांगितलं नव्हतं, पण कान शाबूत होते. ते भिंतीपाशी गेले आणि हाताने चाचपत पहिला खण उघडला.

"धोबीगल्ली, कोपऱ्याचं घर, न्हाणीचा नळ. बारीक आटे," ते म्हणाले. खण बंद. दुसरा. "मागच्या चाळीतला जिना, कठड्याचा बोल्ट." तिसरा, चौथा. साहेबाने टॅब वर धरला आणि चित्रीकरण सुरू केलं. मी टॅबच्या काचेवर तळहात ठेवला.

"बंद करा."

"अहो, हे मौल्यवान आहे."

"म्हणूनच बंद करा."

सातव्या खणापाशी बाबा थांबले. मूठ धरून उभे राहिले. रिकाम्या खणात बोटं फिरवली, कोपरे चाचपले. मग माझ्याकडे वळले.

"यात काय होतं गं?"

मला माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मी चिठ्ठ्या वाचत आले, खण कधी पाठ केले नाहीत. वायसर दारात उभा होता, धाकटा खाली बघत होता, आणि बाबांनी खणाची मूठ अजून सोडली नव्हती.

"पाणीटाकी गल्ली, तिसरं घर," मी म्हणाले. "स्वयंपाकघराचा नळ. पितळी."

मी वाट बघत होते की ते ओरडतील. या माणसाने माझा एकही अंदाज आजवर चालू दिला नव्हता. अर्ध्या सुताच्या चुकीसाठी मला गिऱ्हाइकांसमोर रडवलं होतं.

"हं," बाबा म्हणाले. "बरोबर." आणि खण बंद करून खुर्चीकडे परतले. बसल्यावर म्हणाले, "सही कुठे करायची ते दाखव."

धाकट्याने खिशातून पेन काढलं. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि काउंटरच्या गल्ल्यात टाकून कुलूप लावलं.

"साहेब, या दुकानाचा एक नियम आहे," मी म्हणाले. "जुना तुकडा बघितल्याशिवाय इथून काही जात नाही. दुकानसुद्धा. या आता."

साहेब गेला. जाताना दार हळू लावून गेला, ते मला अजूनच लागलं. वायसर पोतं उचलून आत ठेवू लागला. मी गल्ल्याखालून दोऱ्याचं रीळ काढलं, कोऱ्या चिठ्ठ्या, मापाची पट्टी आणि पान्हा काढला, सगळं एका पिशवीत भरलं आणि धाकट्याच्या छातीवर ढकललं.

"ताई, तीनशे घरं. लोक दार तरी उघडतील का? निम्म्यांनी नळ बदललेही असतील."

"असतील."

"मग सुरुवात कुठून करू?"

"पाणीटाकी गल्ली, तिसरं घर," मी म्हणाले. "तिथे मी अंदाजाने बोललेय. जा, खरं काय आहे ते बघून ये."