ड्रमच्या पोटातली उशी

मी एक उशी आहे, पण माझं अर्धं आयुष्य लाथा खाण्यात गेलं. हे रडगाणं नाही, माझ्या नोकरीचं वर्णन आहे. रॉक बॅन्डमधला सगळ्यात मोठा ड्रम पायाने वाजवतात. तो फार घुमू नये म्हणून त्याच्या पुढच्या कातड्याला भोक ठेवून आत उशी कोंबतात. ती मी.

जन्माने मी साधी होते. घरातली धाकटी पाळण्यातून पलंगावर आली तेव्हा तिच्या आईने मला शिवलं. स्वच्छ कापूस, निळ्या रेघांचा अभ्रा, इतके बारीक टाके की आजही एक उसवलेला नाही. त्या पोरीला झोप कमी. पालथी पडून ती माझ्यावर बोटांनी ताल धरायची. तिचा पहिला ड्रम मीच.

"झोप आता! काय टकटक लावलीय?" बाबा पलीकडच्या खोलीतून ओरडायचे.

"जाऊ दे हो, लहान आहे," आई म्हणायची. आणि पोरगी रुसली की तिला म्हणायची, "जाऊ दे गं, बाबा आहेत." त्या घरात आईकडे प्रत्येक दुखण्यावर हे एकच औषध होतं.

बाबा कानांचे डॉक्टर. दिवसभर दवाखान्यात पेशंटच्या कानाला यंत्र लावून विचारायचे, "ऐकू येतंय का?" घरी आले की मात्र कुणाचंच ऐकायचे नाहीत. दिवसभर आवाज तपासून मी दमतो, मला शांतता हवी, असं त्यांचं म्हणणं. घरातल्या बाकीच्यांना काय हवं, हे तपासायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं.

दादाने बॅन्ड काढला तेव्हा बाबांनी गाडी बाहेर काढून गॅरेज त्याला दिलं. दादासाठी गाडी उन्हात उभी राहिली, एवढं लक्षात ठेवा.

दादा गायचा. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास, आणि समोर आरसा असल्याशिवाय सूर लागायचा नाही. गाण्याचे शब्द तळहातावर लिहायचा आणि घामाने पुसले गेले की रागवायचा ड्रमवर.

गिटार वाजवणाऱ्याचं नाव पडलं होतं भट्टी. बेकरीवाल्याचा मुलगा. पहाटेपासून तापलेले ट्रे उचलून त्याच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती, की तारा त्याला बोचायच्याच नाहीत. दोन गाण्यांच्या मधे तो उभ्या उभ्या डुलकी काढायचा. भांडण सुरू झालं की त्याला जरा गाढच झोप लागायची.

बेसवाला लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला सगळे अनवाणी म्हणायचे, कारण आल्याबरोबर बूट काढून तो गार फरशीवर उभा राहायचा. "ताल कानाला उशिरा कळतो, तळपायाला आधी," असं एकदा म्हणाला होता. त्याचं एवढं लांब वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

आणि ड्रमवर आमची धाकटी. एका बंद पडलेल्या हॉटेलातला जुना ड्रम तिने स्वतः आणला, स्वतः घासला. कॉलेजातून आली की दप्तर पायरीवर फेकून थेट गॅरेजात. भट्टीने तिला नाव ठेवलं तोफ. ती चालता चालता भिंतीवर, डब्यावर, जिन्याच्या कठड्यावर वाजवायची, आणि कुणी "गप बस" म्हटलं की हटकून दुप्पट वेगाने.

पहिल्याच आठवड्यात बाबा तिच्या पलंगावरून मला उचलून गॅरेजात आले.

"हे आत घाल."

"बाबा, ती माझी उशी आहे."

"मग तुझ्याच ड्रममध्ये जातेय ना? परक्याच्या घरी तर नाही पाठवत?"

भट्टी हसला. दादाही हसला. दादाच्या स्पीकरवर मात्र कुणी साधा रुमालसुद्धा टाकला नाही.

आत अंधार होता. बाहेरून पेडलचा घाव बसायचा आणि मी तो गिळायचे. धूम व्हायचं तिथे धप व्हायचं. तिला स्वतःचा ठोका ऐकू येईना, म्हणून ती आणखी जोरात मारायची. जोरात मारलं की बाबा यायचे. आधी एक टॉवेल आला. मग दादाचा जुना स्वेटर. मग सतरंजीचा तुकडा. पोट गच्च भरलं. तिचा पाय आणखी कणखर झाला. मोठ्यांचं हे एक बरं असतं; आधी गळा आवळायचा, मग म्हणायचं, बघा कशी ओरडतेय.

काठ्या मोडायच्या. रागाच्या भरात ती मोडके तुकडे ड्रमच्या भोकातून आत भिरकावायची. त्यातली एक ढलपी माझ्या अभ्र्यातून घुसली आणि कापसात रुतून बसली. मला ती खुपली नाही. इतक्या वर्षांत मला कुणी काही दिलं असेल तर ते तेवढंच.

मग स्पर्धा आली. जिंकणाऱ्या बॅन्डला सभागृहात संध्याकाळभराचा स्वतःचा कार्यक्रम मिळणार होता. धाकटीला तो कार्यक्रम हवाच होता. एकदा लोकांसमोर वाजवलं, की या घरात तिला कुणी "टकटक" म्हणणार नव्हतं, असं तिला वाटायचं. वेडी.

"उशी घे बरोबर," निघताना दादा म्हणाला. "बाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत."

तिथला ड्रम आयोजकांचा होता. त्याचं पुढचं कातडं अखंड. साउंडवाल्याने मला पाहिलं आणि हसून म्हणाला, "ताई, झोपायला आलात का? इथे उशीला जागा नाही." धाकटीने मला बाजूच्या खुर्चीवर ठेवलं. तिचा चेहरा असा उजळला होता, की मला पहिल्यांदा टाकून दिल्याचा आनंद झाला.

पहिला ठोका पडला आणि खिडकीची काच थरथरली.

उशी, टॉवेल, स्वेटर, सतरंजी, एवढ्या सगळ्यांना भेदायला शिकलेला पाय तो. मोकळ्या ड्रमवर पडला, तर दादाचा आवाज त्यात बुडाला. दादाने मागे वळून हात खाली दाबला. हळू. ती दचकली, चुकली, सावरली. दुसऱ्या गाण्यापर्यंत तिने पाय बरोबर बसवला. जोर होता तितकाच, पण आता त्याला वळण आलं होतं. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. भट्टीची झोप उडाली. अनवाणीही तळपाय रोवून उभा होता आणि चक्क हसत होता.

दादाला मात्र ताल सापडेना. इतकी वर्षं तो आरशात बघून गायला होता. मागे काय वाजतंय ते त्याने ऐकलंच नव्हतं. तळहातावरचे शब्दही पुसले गेले. गाणं अर्ध्यावर सोडून, माइक ठेवून तो निघून गेला.

बाबा पहिल्या रांगेत बसले होते. कानात कापसाचे बोळे घालून.

निकाल सांगायची गरज उरली नाही. घरी बाबांनी सगळ्यांना गॅरेजात बसवलं.

"मी आधीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?" धाकटी म्हणाली. "माझ्या ड्रममध्ये तुम्ही अख्खं कपाट कोंबलंत. त्यातून आवाज काढायला शिकले मी. आणि आता म्हणता, ही जोरात मारते?"

"आवाज खाली! भावाचं नुकसान केलंस ते केलंस."

"गाणं त्याने सोडलं, बाबा. मी शेवटपर्यंत वाजवत होते."

दादा मफलर नीट करत म्हणाला, "आपण ड्रम मशीन घेऊ. त्याचा आवाज बटणाने कमी होतो."

"घे," बाबा म्हणाले. "ते उलट बोलणारही नाही."

तिने भट्टीकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले. तिने अनवाणीकडे पाहिलं. सगळं कळलेला तो एकटाच होता. तो बूट घालत होता. "मला कामावर जायचंय," म्हणाला आणि गेला. दादापेक्षा मला त्याचाच राग जास्त आला. न कळणाऱ्याला काय बोलायचं? कळून बूट घालतात, त्यांचं काय करायचं?

धाकटीने ड्रम उलटा करून सगळं फरशीवर ओतलं. टॉवेल, स्वेटर, सतरंजी, काठ्यांचे तुकडे. मला तिने क्षणभर छातीशी धरलं. मग खाली ठेवलं.

"तू इथेच राहा," म्हणाली. आईने दारात "जाऊ दे गं" म्हणायला तोंड उघडलं, तोवर ती ड्रमसकट फाटकाबाहेर होती.

आता गॅरेजात पुन्हा गाडी आहे. मशीन कपाटात आहे. दादाला त्याचाही ताल सापडला नाही. आईने माझा अभ्रा धुतला आणि मी बाबांच्या आरामखुर्चीत त्यांच्या पाठीशी आले.

परवा आई कुठूनशी आली. चपला न काढताच दारातून म्हणाली, "तिला भेटून आले. वेल्डिंगच्या कारखान्यावर खोली घेतलीय. खाली दिवसभर लोखंड कापतात, तिला कुणी हळू वाजव म्हणत नाही. छान वाजवते हो."

बाबांनी पेपर उलटला.

"ऐकू आलं का?" आईने विचारलं.

बाबा मान वर न करता म्हणाले, "या उशीत काहीतरी टोचतंय. कालपासून सांगतोय."

आईने मला हातात घेतलं. माझं एवढंच मागणं होतं, मला उसवू नकोस. माझ्याकडे धाकटीची ही एकच गोष्ट उरली आहे. आईची बोटं अभ्र्यावरून फिरत ढलपीपाशी आली. थांबली. ढलपीचं टोक तिने अंगठ्याने चाचपलं, गुळगुळीत बाजू आणि मोडकी बाजू. तिला कळलं.

"कापूस गोळा झालाय," ती म्हणाली. "जाऊ दे."

आणि तीच बाजू वर करून तिने मला परत त्यांच्या पाठीशी ठेवलं.