सातव्याचं नाव

आमच्या बेल्जियममध्ये लागोपाठ सातवा मुलगा झाला की राजा त्याचा धर्मपिता होतो, आणि पोराला राजाचंच नाव मिळतं. मी सातवा. आणि जन्मलो कधी, तर १९५०च्या जुलैत, राजा लिओपोल्ड परदेशातून परतला त्याच आठवड्यात.

युद्धात राजानं शरणागती पत्करली आणि सैन्यात गेलेले माझे खाणकामगार बाबा, द्यूदोने, पाच वर्षं जर्मनांच्या छावणीत सडले. तेवढ्यात राजेसाहेबांनी महालात दुसरं लग्न उरकलं. आई गोडलीव्ह फ्लेमिश, म्हणजे उत्तरेकडची डच बोलणारी. फ्लेमिश म्हणून तिच्या भावांना जर्मनांनी लवकर सोडलं होतं. त्यामुळे तिला राजाचं वावडं नव्हतं.

राजा परतला तशा त्याच्याविरुद्धच्या संपात आमच्या भागातल्या खाणी बंद पडल्या, पोलिसांनी माणसं मारली. बाबा संपाच्या चौकात होते. आईनं तेवढ्यात मला घेऊन चर्च गाठलं. बाबा घरी आले.

"काय नाव ठेवलंस?"

"राजाचं. चांदीचा पेला मिळेल."

"त्या माणसाचं नाव घेऊन मी माझ्या पोराला हाक मारू?"

"मग नका मारू!"

नाहीच मारली. आठवड्याभरात राजानं कारभार मुलाच्या हाती सोपवला, पण मी लिओपोल्डच राहिलो. राजाचा पेला पोचवायला आलेला महापौर स्वतः संपवाला. पेला टेबलावर ठेवून कॉफीलाही न थांबता सटकला. आई मला लाडानं पोल्के म्हणायची, बाबा "ए सातव्या".

पुढे कोळशानं बाबांची छाती भरली. त्यांनी फळीवरून तो पेला काढला आणि त्यात काळे बेडके टाकू लागले. आई रडली. बाबा मला म्हणाले, "तुझ्या धर्मबापाचा आहे. तूच धू." भाऊ फिदीफिदी हसले.

राजाचा राग मला कधी आला नाही. त्याला मी पाहिलंच नव्हतं. राग यायचा बाबांचा.

शेवटी त्यांना मानही उचलवेना. थोरल्या नेस्टरला दिवसातून दहादा हाक मारायचे. पेला मात्र मी धरायचा. एका सकाळी मला राहवलं नाही.

"बाबा, सगळ्यांना नावानं बोलावता. एकदा मलाही बोलवा ना."

त्यांनी घरघरत माझ्याकडे नजर वळवली.

"पोरगा चांगला निघालास रे," ते म्हणाले. "नाव नाही. पेला धर."

मी धरला. ते थुंकले. त्यांचं तोंड पुसलं आणि नळावर जाऊन पेला घासून स्वच्छ केला. परत आलो तेव्हा बाबा गेले होते.