चमच्याची पाटी

वन्सं शनिवारी सकाळी साडेआठला आल्या आणि मी त्यांना बूटही काढू दिले नाहीत.

"चहा बाहेरच घेऊ," मी म्हणाले. "वसंतात हे दोनच दिवस लोक आपल्या बागा बघायला खुल्या ठेवतात. नऊला पहिलं फाटक उघडतं."

"अगं वहिनी, निदान परसातला गुलाब तरी बघू दे. वर्षभर त्याच्या वासावर डोळा ठेवून आहे मी."

"वासावर डोळा?"

"या वयात जे चालतं ते वापरायचं."

"परतल्यावर बघू," म्हणत मी दार ओढून घेतलं.

परसात गुलाब नव्हताच. सासूबाईंचा पिवळा वेलगुलाब. फुलाला लवंगेसारखा वास. मी सून होऊन आले तेव्हा माझ्या गुडघ्याएवढा होता, नंतर त्याने अख्खी भिंत झाकली. गेल्या उन्हाळ्यात मी तो मारला. तण मारायच्या औषधाचा पंप न धुता त्यातूनच गुलाबावरच्या मावा किडीवर साबणाचं पाणी फवारलं. आठ दिवसांत नुसत्या काड्या! सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली, तरी मला त्या काड्या उपटताना मागे वळून बघावंसं वाटलं. वन्संनाही त्यांनी एक रोप दिलं होतं, पण फोनवर त्या विचारायच्या ते माझ्याकडच्याबद्दल. "तुझा बरा आहे ना?" आणि मी म्हणायची, "आहे की."

म्हणून ठरवलं होतं, दोन दिवस नणंदेला इतकं चालवायचं की परसापर्यंत जायचं त्राणच उरू नये.

पहिली बाग दातांच्या डॉक्टरांची. फुलं अगदी ओळीत. मधलं एक वाळलं होतं, तिथे कुंडीतलं आणून बसवलेलं.

"कवळी," वन्सं पुटपुटल्या. डॉक्टर शेजारीच उभे होते.

दुपारी ओढ्याकाठची पायवाट धरली. कोवळ्या पानांतून ऊन झिरपत होतं, बदकीण आठ पिल्लांना दरडावत पाण्यातून नेत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात आम्ही दोघी याच वाटेवर बूट हातात घेऊन पळालो होतो. आता दर बाकावर बसत होतो.

"वहिनी, खरं सांग, मला संपवायचा बेत आहे का तुझा?"

"पर्स द्या इकडे, हलकं वाटेल."

"पर्सला हात लावायचा नाही!" त्या एकदम म्हणाल्या. मला जरा नवलच वाटलं.

शनिवार निभावला. संध्याकाळी वन्सं खुर्चीतच घोरू लागल्या. रविवारी मी त्यांना रानातल्या वाटेने शेवटच्या बागेत नेलं. फाटकातच मला लवंगेचा वास आला आणि माझे पाय जागीच थांबले. समोरची भिंत पिवळ्या फुलांनी भरली होती. बुंध्याशी ठोकून सपाट केलेला चमचा रोवलेला. सासूबाई भेट दिलेल्या प्रत्येक रोपाला अशीच पाटी करायच्या, खिळ्याने कोरून. वाकून वाचलं: 'टपालवालीस.' खाली दुसऱ्या ओळीत: 'पाणी कमी.'

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "वन्सं, मला तुम्हाला एक सांगायचंय," म्हणत मी वळले, तर वन्संच्या एका हातात स्वयंपाकघरातली कात्री, दुसऱ्यात ओलं फडकं.

"हे काय?"

"तुझ्या परसासाठी आणलं होतं." त्यांचा चेहरा पडला. "माझा मेला गं. फ्लॅटवर जाताना टबात हलवला आणि टबाला भोकं पाडायची विसरले. मुळं कुजली. आईचं झाड! तुला कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, गुपचूप एक फांदी कापून नेईन."

"माझाही मेला," मी म्हणाले. "मीच मारला."

त्यांनी कात्री माझ्यावर रोखली. "आणि त्यासाठी मला दोन दिवस रानोमाळ हिंडवलंस?"

"कात्रीवाल्या बाई, थांबा!" घरातून काठी टेकत एक म्हातारी आली. नव्वदीची तरी असेल. वन्संनी तिला ओळखलं. त्यांच्या लहानपणी हीच घरोघर पत्रं वाटायची. आम्ही कोण ते कळल्यावर तिने काठी खाली केली.

"तुमच्या आईने बजावलं होतं," ती वन्संना म्हणाली. "माझ्या घरचं कोणी फांदी मागायला आलं तर दे, पण आधीचं कसं मेलं ते विचारू नकोस."

"आईला असं का वाटलं, की आम्ही मारूच?"

"कारण तिचा स्वतःचाही मेला होता. लाडाने पाणी घालून घालून. माझ्याकडूनच फांदी घेऊन गेली, आणि जाताना चमच्यावर ती खालची ओळ कोरली. तुमच्या परसातला गुलाब इथलाच."

वन्सं आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग परत हसल्या. टपालवालीने आम्हाला सहा फांद्या कापून दिल्या, तीन-तीन.

संध्याकाळी फांद्या कुंड्यांत लावून त्यांवर काचेच्या बरण्या उपड्या घातल्या. वन्सं परसाच्या पायरीवर बसून हातोडीने माझे दोन चांगले चमचे ठोकत होत्या.

"तुझ्या पाटीवर काय कोरू?"

"पंप धुणे," मी म्हणाले. "आणि तुमच्या?"

"भोकं पाडणे," म्हणत त्यांनी खिळा उचलला.