तिसरा नंबर

“हे ढोलकी हाय का टिनाचा डब्बा?” अश्वजितनं दोन्ही कानांवर हात ठेवले. “बंद करा बाप्पा, धरमसिंगभाऊ. लेंगी म्हनून लावली अन् सारं कम्प्युटरचं मशीनच वाजून राह्यलं.”

“होयीले तूच नाचलता ह्याच्यावर,” धरमसिंग म्हणाला.

“नाचाले चालते. नंबर द्याले नाई चालत.”

कळंबच्या बाजारओळीत धरमसिंगचं शिलाईचं दुकान होतं. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी दुपारी तिथे वर्षभरातल्या अल्बमांचा निकाल लागायचा. निकाल लावणारे चौघेच. स्वतः धरमसिंग, मांडव आणि साउंडचा धंदा करणारा अश्वजित, शाळेतून निवृत्त झालेले वामनराव गुरुजी आणि गावाच्या नळांना पाणी सोडणारा उकंडा. मोठ्या नावांची गाणी इथे चालत नसत. आपल्याच भागातल्या कुणी बांधलेली, यवतमाळ-अमरावतीच्या एखाद्या खोलीत रेकॉर्ड झालेली, मोबाइलवरून गावोगाव फिरणारी गाणी घ्यायची. मग ती भीमगीतं असोत, गावच्या नाचगाण्याची जुनी दंडार असो, भजनं असोत की होळीची बंजारा लेंगी. नियम एकच होता. ज्यानं अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला त्यालाच बोलायचा हक्क. भांडणं अशी व्हायची की एका साली कुठल्याशा भजनाच्या अल्बमवरून गुरुजी आणि अश्वजित पार संक्रांतीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते.

यंदा मात्र भांडणात जीव नव्हता. निकाल आधीच ठरला होता. धरमसिंगनं आठवडाभर आधी गुरुजी आणि अश्वजित दोघांनाही गाठून सांगितलं होतं, “यंदा पयला नंबर रवीले. काही बोलू नका.”

रवी म्हणजे उकंडाचा एकुलता एक मुलगा. बसस्थानकाजवळच्या मोबाइलच्या दुकानात कामाला होता आणि उरलेल्या वेळात गाणी बांधायचा. फेब्रुवारीत त्यानं सहा गाण्यांचा अल्बम काढला. नाव ठेवलं ‘पाणी आलं’. सप्टेंबरात त्याला डेंग्यूचा ताप आला. यवतमाळला नेला तोवर उशीर झाला होता. चोविसावं वर्ष लागलं होतं त्याला.

उकंडा येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण लेंगी बंद झाली न झाली तोच तो पायरीवर चप्पल काढताना दिसला. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर ढगळ झालेला. त्याच्या आधीची दोन भावंडं बाळपणीच गेली म्हणून आईनं त्याला जन्मतःच उकिरड्यावर लोळवलं होतं आणि उकंडा नाव ठेवलं होतं. अशा नावाला मरण शिवत नाही म्हणतात. खरंच शिवलं नव्हतं. रवीचं नाव मात्र त्याच्या बायकोनं, नलूनं, हौसेनं निवडून चांगलं ठेवलं होतं.

“चालू द्या ना,” उकंडा बाकावर बसत म्हणाला. “मी आलो म्हनून कायले थांबले?”

 कोपऱ्यात साडीला फॉल लावत बसलेल्या हंसाबाईनं, धरमसिंगच्या बायकोनं, मशीन थांबवलं. गुरुजींनी घसा साफ केला.

“उकंडा, आमचं ठरलं हाय. यंदाचा पयला नंबर ‘पाणी आलं’. सगळ्याइचं एकमत.”

उकंडानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

“एकमत? ह्या दुकानात?” तो म्हणाला. “कवा झालतं आजवर?”

अश्वजितनं मान खाली घातली.

“गुरुजी, तुमी आयकला काय पुरा?”

“आयकला म्हनजे... दोन गानी आयकली. नंतर तसं झालं, मंग हिंमत नाई झाली.”

“तू रे धरम?”

“फेब्रुवारीत आयकलता. आता याद नाई मले पुरा.”

“मंग लावा,” उकंडा म्हणाला.

“उकंडा, राहू दे ना...”

“नियम हाय ना आपला? लाव, अश्वजित.”

अश्वजितनं मोबाइल स्पीकरला जोडला.  मग दुकानात रवीचा आवाज आला.

पहिलंच गाणं शीर्षकाचं. सकाळी नळ सुटला की गल्लीतल्या बाया एकमेकींना हाक देतात, ती हाक त्यानं चालीत बांधली होती. लहानपणी तो बापाच्या सायकलवर पुढे बसून ह्या हाका ऐकत गावभर फिरायचा. उकंडानं हात मांडीखाली दाबून धरले आणि समोरच्या भिंतीवर लटकलेल्या अर्धवट शिवलेल्या सदऱ्याकडे तो बघत राहिला. मुलगा गेल्यापासून त्यानं हा आवाज ऐकला नव्हता. घरात नलू लावू देत नव्हती, आणि बाहेर लावायची त्याचीच छाती होत नव्हती. दुसऱ्या गाण्यात मध्येच रवी हसला. चाल विसरल्यासारखं करून हसायची त्याची सवय होती, ती तशीच राहून गेली होती. गुरुजींनी चष्मा काढला. उकंडा हलला नाही.

सहाही गाणी झाली. बाहेर भाजीवाल्याची हातगाडी खडखडत गेली.

“तिसऱ्या गान्यात सूर चढला नाई,” उकंडा म्हणाला.  “वरच्या पट्टीत घसरला तो. अन् पाचव्यात बाजा एवढा मोठा ठेवला का शब्दच नाई समजत. समजते का तुमाले?”

“नाई समजत,” अश्वजित हळूच म्हणाला.

“मी त्याले तवाच सांगतलं होतं. म्हने, हो बाबा, पुढच्या टायमाले बरोबर करतो.”

धरमसिंगनं कात्री उचलली आणि उगाच परत ठेवली.

“हा पयल्या नंबरचा अल्बम नाई,” उकंडा म्हणाला. “पुढचा झाला असता. तुमी ह्याले पयला देसान त मले समजन, का तुमी माह्या पोराच्या मौतीले नंबर देल्ला. गान्याले नाई देल्ला. तो गात होता, गुरुजी. त्याच्या गान्याले बोला काही. चार महिन्यापासून सारे मले त्याच्या जान्याबद्दलच बोलून राह्यले.”

 त्यावर बोलली ती हंसाबाई. इतक्या वर्षांत ह्या वादात ती कधी पडली नव्हती; चहा ठेवायची आणि मशीन चालवायची.

“भाऊजी, चौथं गानं मी उन्हायापासून आयकतो,” ती म्हणाली. “रवी होता तवापासून. त्यात बाजा नाई, ढोलकी नाई. नुसती खंजिरी, अन् दम घेतल्याचा आवाज येते मधी-मधी. वाटते का आपल्या दारात बसून गाऊन राह्यला कोनी. मशीन चालवता चालवता मी दोन-दोन डाव लावतो ते.”

“त्या एका गान्यावर अल्बम उभा राह्यते?” अश्वजितच्या तोंडून निघून गेलं. आणि लगेच तो चपापला.

“बोल, बोल,” उकंडा पुढे सरकला. “नाई राह्यत काय?”

“राग मानू नका, उकंडाभाऊ. पन मी पुसदच्या पोरीचा अल्बम पयला धरतो. आठ भीमगीतं हायेत, एक बी गानं पडत नाई. पोरगी नुसत्या पेटीवर गाते.”

“मान्य,” उकंडा म्हणाला. “म्याबी तोच पयला धरला. तिच्या आवाजात काही उसनं नाई.”

“अन् वनीच्या दोघा भावाइचा दंडारचा?” गुरुजी चष्मा घालत म्हणाले. त्यांच्या आवाजात जुनी धार परत येत होती. “माह्या मतानं तोच पयला. गावात आता दंडार कोन गाते? त्या पोट्ट्याइनं म्हाताऱ्याइपासून शिकून घेतली.”

“शिकून घेतली म्हनून मार्क काहून द्याचे?” अश्वजित उसळला. “शाया हाय का हे?”

“तुले शाया कवा जमली?”

 धरमसिंग एकदम म्हणाला, “बरं, पोरगी पयली, दंडार दुसरी. तिसरी लेंगी.”

“लेंगी?” उकंडा वळला.

“हो लेंगी. तांड्यातांड्यात वाजली. लहान लेकराइले पाठ हाय.” धरमसिंगचे डोळे भरलेले होते, पण तो मागे हटला नाही. “तू म्हनतं गान्याले बोला, मंग बोलतो. रवीचं पाचवं गानं बिघडलं, तिसरं घसरलं. सहातले दोन गेले. माह्या लेंगीत एक बी नाई गेलं.”

“तुह्या लेंगीत गानारा हाय कुठी?” उकंडा उभाच राहिला. “सारी मशीन! मानूस दाखव मले त्यात. माहा पोरगा घसरला, घसरलाच तो, पन गायाले गेला म्हनून घसरला ना? वरचा सूर धराले गेला! तुहा त खालीच बसून राह्यला आरामात!”

त्याचा आवाज दुकानाबाहेर गेला. समोरचा पानठेलेवाला वाकून बघायला लागला. धरमसिंगही उठला, दोघं एकमेकांसमोर हात नाचवत ओरडत होते, आणि अश्वजित मध्ये पडायच्या ऐवजी तिसऱ्या गाण्यातली ती घसरलेली जागा पुन्हा पुन्हा लावून दाखवत होता. कितीतरी वेळ चाललं. अखेर गुरुजींनी बाकावर थाप मारली.

“दंडार दुसरी, मी हरलो, मान्य. तिसऱ्यासाठी माहं मत रवीले. चौथ्या गान्यासाठी. अन् पुरा आयकून देतो हे मत.”

“माहंबी रवीलेच,” अश्वजित म्हणाला.

धरमसिंग धापा टाकत खाली बसला. “मले मान्य नाई,” तो म्हणाला. “लेंगी चौथी नोती.” आणि मग सदऱ्याचं कापड तोंडाला लावून तो हमसून हमसून रडायला लागला. उकंडा त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्यानं धरमसिंगच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून राहिला.

उन्हं कलल्यावर तो घरी आला. नलू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. त्यानं हातपाय धुतले आणि तिच्यासमोर पायरीवर बसला.

“तिसरा आला,” तो म्हणाला.

“कोन?”

“रवी.”

नलूचं सोलणं थांबलं नाही, फक्त हळू झालं. “कितीतून?”

“दहा-बारा होते यंदा.”

“शायेत कवा आला नाई तिसरा,” ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “दया करून त नाई देल्ला?”

“नाई. भांडन झालं. धरम अजूनबी नाई मानत.”

नलूनं मान हलवली. “पयला कोन आला?”

“पुसदची पोरगी हाय एक.”

“लई चांगली गाते?”

“लई.”

“रवीपेक्षा?”

उकंडानं तिच्याकडे पाहिलं. “हो.”

नलूनं एक शेंग उघडली, दाणे काढले, टरफल बाजूला टाकलं. “लावा बरं,” ती म्हणाली.

त्यानं मोबाइल पायरीवर उभा करून लावला. पेटी वाजली आणि त्या कधी न पाहिलेल्या पोरीचा आवाज अंगणात आला, कोवळा आणि सरळ. वरचा सूर तिनं अलगद धरला, जरासुद्धा हलू न देता. नलू ऐकत होती. ह्या घरात सप्टेंबरानंतर गाणं वाजलं नव्हतं.

“हिले माय हाय काय?”

“असन.”

“आयकत असन ते,” नलू म्हणाली.

गाणं संपलं. उकंडानं मोबाइल बंद करायला हात पुढे केला, तसं तिनं मानेनंच नको म्हटलं. पदरानं तोंड पुसलं आणि सुपात नव्या शेंगा ओढून घेतल्या.

“आता दुसरा नंबर लावा,” ती म्हणाली. “मंग आपला.”