मधली चार मिनिटं

भाचीने चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला, तेव्हा आत्याने चष्मा काढून तो पुसायला घेतला. आग लागली तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डवर तूच होतीस ना, असं पोरगी पुन्हा विचारत होती. चारदा विचारण्यासारखं त्यात होतं तरी काय? कुणीतरी हिचे कान भरले असणार.

आत्याने अठ्ठावीस वर्षं त्या बोर्डपुढे काढली होती. दिवा लागला की प्लग खोचायचा, बोलणं संपलं की काढायचा. लोकांची गुपितं कानावरून गेली, पण बाहेर कधी अवाक्षर फुटलं नाही. आता ही भाची पुस्तक लिहीत होती. थोड्या आत्याच्या आठवणी, थोडा गावाचा इतिहास, आणि मधल्या रिकाम्या जागा कल्पनेने भरायच्या, असं तिने सांगितलं होतं. त्या मधल्या जागांचंच आत्याला भय वाटत होतं. भाची स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली, की टेबलावरचा फोन आपलं बोलणं टिपून घेत नाही ना, हे ती वाकून बघायची.

आज भाचीने त्या दिवसावरची पानं वाचायला आणली होती. आत्याने ती खिडकीशी नेऊन वाचली. गिरणीचं सुताचं गोदाम पेटलं. बंब शेजारच्या शहरात आणि तिकडे जाणारी लाइन एकच, तीही नेमकी बंद पडलेली. मग बोर्डवरची बाई भर उन्हात अनवाणी धावत सुटते, रस्त्यातला ट्रक अडवते आणि बंब आणायला पाठवते. तरीही तिघं जळून मरतात, आणि ती ढसाढसा रडते.

हिला सगळं कळलंय आणि ही आपल्याला खेळवतेय, असंच आत्याला वाटलं.

"हे धावण्याचं कोणी सांगितलं तुला?"

कोणीच नाही, भाची म्हणाली. लाइन बंद होती हे चौकशीच्या अहवालात आहे, गिरणीच्या इतिहासातही छापलंय. पुढचं तिने रचलं होतं. आत्या अशी हातावर हात धरून बसणार नाही, एवढी तिला खात्री होती.

आत्याने तिचा चेहरा निरखून पाहिला. त्यात डाव सापडेना. पोरीचा खरंच विश्वास होता, आणि तो संशयापेक्षा जड गेला.

"लाइन चालू होती," आत्या म्हणाली.

मग तिने थांबत थांबत सांगितलं. त्या लाइनवर गिरणीचे मॅनेजर बोलत होते. आगीसाठी कुणाचंही बोलणं तोडायचा अधिकार तिला होता. पण आठवड्यापूर्वीच त्यांचं बोलणं चुकून तुटलं होतं, आणि एक्स्चेंजच्या साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं होतं, नोकरीवरून काढायची धमकी दिली होती. गोदामातून फोन आला, तेव्हा हात प्लगवर गेला आणि तिथेच राहिला. मॅनेजरांचं बोलणं संपायला चार मिनिटं लागली, तोवर बंबाला निरोप गेला नाही. चौकशीत तिने लाइन बंद होती असं सांगितलं, आणि मॅनेजर गप्प राहिले.

भाचीने पानं हळूच आपल्याकडे ओढली. फोन करणारा कोण होता, असं तिने विचारलं. नाव माहीत नाही, आत्या म्हणाली. तिघांपैकीच एक होता, एवढं नंतर कळलं.

"चिडला नाही गं तो. लाइन लागत नाही म्हटलं, तर म्हणाला, बरं बाई, मी थांबतो."

भाची लिहायला लागली. आत्या खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसली.

"काय लिहिलंस? वाचून दाखव."

भाचीने वाचलं, "बरं ताई, मी थांबतो."

"ताई नाही. बाई म्हणाला तो," आत्या म्हणाली, आणि तो शब्द खोडून होईपर्यंत तिने कागदावरची नजर काढली नाही.