ताईचा डावा गाल

धाकटी एका मोठ्या दवाखान्यात एक्सरे काढायची. एकतीस वर्षं तेच काम. माणसाला फळीसमोर उभं करायचं, "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणायचं, बटण दाबायचं आणि "सोडा" म्हणायचं. प्लेटच्या कोपऱ्यात डावं-उजवं सांगणारं शिशाचं छोटं अक्षर लावायचं. ते अक्षर तिनं एवढ्या वर्षांत एकदाही चुकीच्या बाजूला लावलं नव्हतं, आणि याचा तिला मनातून अभिमान होता. दवाखान्यात तिला सगळे मॅडम म्हणत. घरात मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिचा हुद्दा 'धाकटी' हाच होता, कारण घरातलं दुसरं माणूस म्हणजे तिची ताई.

ताई निवृत्त गणित शिक्षिका. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर ताई म्हणायची, "वेळ मिळाला नाही," आणि धाकटी म्हणायची, "ताईला विचारा."

चार वर्षांपूर्वी एका सकाळी ताई चूळ भरायला गेली, तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. चेहऱ्याच्या नसेचा लकवा. गोळ्या झाल्या, मालिश झालं, गाल फुगवायचे व्यायाम झाले. बरंचसं सावरलं, पण डावा गाल थोडा ओघळलेला राहिला आणि डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक झाला. ताईनं ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. रोज आरशासमोर उभी राहून ती केस विंचरायची, शांतपणे. मग वर्षभरानं भाचीच्या लग्नाचे फोटो आले. ताईनं चष्मा लावून एक फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही कोण?"

"तू, ताई."

"मी अशी नाही दिसत," ताई म्हणाली आणि अल्बम मिटून ठेवला.

त्या दिवसापासून तिनं फोटो काढून घेतला नाही. हळूहळू बाहेर जाणंही कमी झालं. वाचनालयाची पुस्तकं बदलायला धाकटी जायला लागली. तिथेच जिन्याजवळ तिला कागद चिकटवलेला दिसला: दर शनिवारी दुपारी, वरच्या खोलीत, चित्रकलेचा वर्ग, पूर्वानुभव नको. पूर्वानुभव नको हे वाचून तिला बरं वाटलं. तेवढी एक पात्रता तिच्याकडे भरपूर होती.

वर्ग घेणारे पेंटरकाका. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, आणि आता सात-आठ हौशी लोकांना जे येईल ते शिकवत होते. पहिले दोन महिने जलरंग. धाकटीचं आकाश दर वेळी चिखलाच्या रंगाचं व्हायचं. "पाणी जास्त, धीर कमी," काका म्हणायचे. मग कोळशानं रेखाटन आलं. त्या शनिवारी ती घरी आली, तेव्हा ताईनं दार उघडून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चित्र कागदावर काढायचं असतं. नाकावर नाही."

पण कोळसा तिला आवडला. काळं, पांढरं आणि मधलं राखाडी हे तिच्या ओळखीचं होतं. ती घरातल्या वस्तू काढायला लागली. चपला, नळ, इस्त्री. वस्तू संपल्यावर तिनं एका संध्याकाळी भीत भीत विचारलं, "ताई, तुझं चित्र काढू का?"

ताई शब्दकोडं सोडवत होती. तिनं मान वर केली नाही. दोन आडवे शब्द भरले. धाकटीला वाटलं, विषय संपला.

"काढ," ताई म्हणाली. "पण मला दाखवायचं नाही."

मग रोज संध्याकाळी ताई शब्दकोड्यावर वाकलेली आणि धाकटी समोर मांडीवर पाट आणि त्यावर कागद घेऊन बसलेली, असं चालू झालं. पंधरा दिवसांत नऊ रेखाटनं झाली. धाकटीनं पहिल्यांदा तो चेहरा नीट पाहिला. आजारानंतर तीसुद्धा नजर जरा बाजूला ठेवूनच बोलायची, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. ताईला वाईट वाटू नये म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. गाल ओघळला होता खरा, पण त्यामुळे भुवई किंचित वर गेल्यासारखी दिसे, जणू समोरच्याचं उत्तर चुकलंय आणि ताई ते त्याला लगेच सांगणार नाहीये.

त्याच सुमारास काकांनी छापचित्रं शिकवायला घेतली. लिनोचा मऊ, रबरासारखा तुकडा. त्यावर कोरणीनं कोरायचं. जे कोरून काढलं ते पांढरं, जे ठेवलं ते काळं. रोलरनं शाई लावायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं. "अक्षरं कोरणार असाल तर उलटी कोरा," काकांनी बजावलं होतं. धाकटीनं ते वहीत लिहून घेतलं आणि ठरवलं, आपण अक्षरं कोरायचीच नाहीत.

नवव्या रेखाटनावरून तिनं ताईचा चेहरा लिनोवर उतरवला आणि तीन आठवडे कोरला. केसांच्या बारीक रेघा, चष्म्याची दांडी, गालाखालची सावली. एकदा कोरणी निसटून अंगठ्याला लागली, तर दवाखान्यात दिवसभर लोक तिलाच विचारत राहिले, "मॅडम, एक्सरे काढलात का?"

पहिली प्रत तिनं शनिवारी वर्गात काढली. कागद कोपऱ्यातून हळूहळू उचलला, आणि ताई समोर आली. अगदी ताईच. वर्गातले सगळे टेबलाभोवती जमले. धाकटीचा जीव भांड्यात पडला. काकांनी कागद हातात घेतला, थोडा लांब धरला.

"छान आलंय. यांचा कुठला गाल असा आहे?"

"डावा," धाकटी म्हणाली, आणि बोलता बोलताच कागदावर वाकली. कागदावरच्या ताईचा उजवा गाल ओघळलेला होता.

"अक्षरं काय, माणसं काय, छापताना सगळंच उलटतं," काका म्हणाले. "होतं असं."

धाकटीनं कपाळाला हात लावला. एकतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते सख्ख्या बहिणीच्या तोंडावर झालं होतं.

शाई वाळायला दोन दिवस लागणार होते. घरी आल्यावर तिनं तो कागद मागच्या गॅलरीत दोरीवर चिमट्यांनी अडकवला, टॉवेलच्या मागे, ताईला दिसू नये म्हणून. सोमवारी ती कामावरून परतली तर टॉवेल घडी होऊन कपाटात गेले होते, आणि ताई बेसिनच्या आरशासमोर उभी होती. एका हातात चित्र, दुसऱ्या हातात पेन्सिल.

"ताई, ते तुला दाखवायचं नव्हतं. टाकूनच देणार होते मी," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "चुकलंय ते. उलटं छापलं गेलंय."

"कुठे चुकलंय?"

"गाल बघ ना. उजवा झालाय."

ताईनं चित्र आरशाच्या काचेला लावून धरलं, शेजारी स्वतःचा चेहरा आणला आणि पेन्सिलीनं आधी इकडे, मग तिकडे टेकवून दाखवलं. वर्गात आकृती समजावताना ती अशीच करत असणार.

"आरशात माझा वाकडा गाल या बाजूला दिसतो. तुझ्या चित्रातही याच बाजूला आहे. मी रोज हिलाच बघते. हीच मी आहे." पेन्सिल खाली करून ती म्हणाली, "फोटोत तो दुसऱ्या बाजूला गेला होता. म्हणून मला ती बाई परकी वाटली. एवढं साधं होतं ते. आणि मी गणित शिकवायचे."

धाकटीनं पर्स खांद्यावरून काढली आणि नुसती हातात धरून उभी राहिली.

"भुवई बरोबर आलीय," ताई म्हणाली. "कान मोठा काढलायस."

"कान तेवढाच आहे तुझा."

"असेल."

त्या रात्री ताईनं चित्र परत दिलं नाही. धाकटीनंही मागितलं नाही. पण तिच्या मनाला चैन नव्हतं. पुढच्या महिनाभरात तिनं दुसरा तुकडा कोरला, या वेळी रेखाटन कागदाच्या मागच्या बाजूनं उतरवून. ही प्रत पहिलीइतकी चांगली आली नाही. ओठाजवळ जास्त खोल कोरलं गेलं होतं आणि कपाळावर शाईचा एक डाग पडला होता. गाल मात्र बरोबर जागी होता. तिनं ती प्रत लपवली नाही. चहाच्या वेळी टेबलावर ताईसमोर ठेवली.

ताईनं चष्मा पुसला. फोटोपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

"म्हणजे लोकांना हे दिसतं."

"हो."

"तुलाही हेच दिसतं."

"मलाही."

ताईनं चहाचा घोट घेतला. कपाची कड तोंडाच्या उजव्या बाजूला टेकवायची सवय तिनं आजारात लावून घेतली होती, ती आता सुटण्यातली नव्हती. "भलतंच काही नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तेवढं तरी नाही. ही बाई जरा खडूस दिसते, पण ती आधीपासूनच होती."

धाकटीला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. ताईनं बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली आणि शब्दकोडं पुढे ओढलं.

वर्षाअखेरीला काकांनी वाचनालयाच्या जिन्यावर सगळ्यांची चित्रं लावायची ठरवली. धाकटीनं ताईला विचारलं, तुझं लावू का? ताई म्हणाली, लाव, पण डाग नसलेलं. तेव्हा उलट्या गालाची ताई जिन्याच्या वळणावर लागली. ती बघायला ताई मंगळवारी सकाळी गेली, गर्दी नसते तेव्हा. वरपासून खालपर्यंत एकेक चित्र पाहून झाल्यावर तिनं काकांना एवढंच विचारलं, की ते आगबोटीचं चित्र कुणी काढलंय, कारण तिच्या मते ती बोट तरंगणार नाही. काकांनी ती स्वतः काढली होती. ते म्हणाले, बघतो.

यानंतर ताई रोज बाहेर पडायला लागली, असं काही झालं नाही. वर्गात ये म्हटलं तर तिनं शाईच्या वासानं डोकं दुखतं असं सांगितलं. पण पुस्तकं आता ती स्वतः बदलून आणते, आणि भाचीच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत ती पुढच्या रांगेत, खुर्चीवर बसलेली आहे. धाकटीनं सध्या दोन रंगांचं छापचित्र करायला घेतलंय. लाल रंग काळ्याच्या शेजारी नेमका बसत नाही, दर वेळी जोंधळ्याएवढा सरकतो. काका म्हणतात, धीर धरा. ती आठव्या प्रतीपर्यंत आली आहे.